मी भैरवगढला गेलो नव्हतो

टाइप माझी नात करतेय, बोलतोय मी. तिने आधीच बजावलंय, "आजोबा, फापटपसारा नको, लोक मोबाइलवर वाचतात." बघू, कसं जमतं ते...

तुमचे इथले अनुभव ती मला चहाच्या वेळी वाचून दाखवते. वडाखालची बाई, मागून येणारी पावलं, आपोआप उघडणारी दारं. राग मानू नका, पण मला हसू येतं. माझी सगळी नोकरी उज्जैनच्या दमकलमध्ये गेली. दमकल म्हणजे आगीचा बंब. पण आम्ही उज्जैनचे मराठी, आमच्या तोंडात दमकलच बसलंय. क्षिप्रेच्या डोहातून माणसं काढली, विहिरींतून काढली, जळालेल्या गोदामातून काढली. चक्रतीर्थाच्या स्मशानात कुणी नसलं तर खांदाही दिला. भूत असतंच, तर सगळ्यांत आधी मला दिसायला हवं होतं. नाही दिसलं. मी आजही भूत मानत नाही.

आणि म्हणूनच हे सांगायला एवढी वर्षं लागली. कारण त्या दिवशी भैरवगढच्या लोकांना भूत दिसलं नव्हतं. त्यांना मी दिसलो होतो. आणि मी तिथे नव्हतो.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला, त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. माझे वडील शिंदे सरकारच्या कचेरीत कारकून होते. संस्थान गेलं, मध्यभारत आला, आता तोही गेला. आमच्या लॉरीच्या दारावर दहा वर्षांत तीनदा नाव रंगवलं होतं. उन्हात गाडी उभी असली की वरच्या रंगाखालून जुनी अक्षरं दिसायची. लॉरी लढाईनंतर लिलावात आलेली, मिलिटरीची. माझं वय तेव्हा बावीस-तेवीस.

लोकांना वाटतं बंबवाल्यांना काम उन्हाळ्यात. माळव्यात तसं नाही. पौष-माघात मावठा येतो. अवेळी पाऊस, कधी गारा, वादळ, आणि मागोमाग हाडं गोठवणारी थंडी. गाव यात्रेकरूंचं, माणसं घाटावर, धर्मशाळांच्या ओट्यावर उघड्यावर झोपायची. म्हणून दिवाळी झाली की आमची तयारी सुरू. चौकाचौकात अलाव पेटवायचे, त्यासाठी सुकी लाकडं भरून ठेवायची. कांबळी उन्हात घालायची. कंदील, दोर, सब्बली म्हणजे पहारी, दोघांनी ओढायचा मोठा आरा म्हणजे करवत, सगळं तेलपाणी करून गाडीत. गारठलेल्या माणसाला दोन चमचे पाजायला ब्रँडीची एक बाटली असायची, ती मात्र इन्चार्ज साहेबांच्या कपाटात, कुलपात.

आणि सगळ्यांत महत्त्वाची, कमजोर घरांची यादी. ते काम माझं. चुन्याची बादली घेऊन मोहल्ले फिरायचे. जी भिंत पावसात बसेल असं वाटेल तिच्यावर फुली मारायची, घरवाल्याचं नाव लिहून आणायचं. मग वरून मंजुरी यायची आणि त्या लोकांना मावठ्याचे दोन महिने धर्मशाळेत खोली मिळायची.

त्या वर्षी भैरवगढला, उज्जैनच्या उत्तरेला छीप्यांच्या म्हणजे कापड छापणाऱ्यांच्या वस्तीत, मी एका छपाईच्या कारखान्यावर फुली मारली. कारखाना म्हणजे काय, नदीच्या बाजूला मातीच्या विटांची एक लांब भिंत, वर कवेलू म्हणजे कौलं, आत चादरी छापायची दोन लांब लाकडी मेजं. कुटुंब तिथेच राहायचं. रंगाचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीच्या बुडाशी मुरून ती खालून पोकळ झाली होती. सब्बल नुसती टेकवली तरी माती गळायची.

घरची मोठी बाई बाहेर आली. गेंदाबाई. चाळिशीची असेल, हात कोपरापर्यंत रंगलेले. "यो कंई कर रिया हो, साब?"

मी म्हटलं, "बाईजी, ये दीवार बैठेगी. मावठे से पहले खाली करना पड़ेगा."

"खाली करके कहाँ जाएँ?"

मी म्हटलं, कागद पाठवतो, धर्मशाळेत खोली मिळेल. तिने चहा दिला. सून, सुनेची दोन लहान मुलं, आणि किशन म्हणून तिचा मुलगा, त्या सुनेचा नवरा, माझ्याच वयाचा. सगळे दारात उभे राहून ती फुली बघत होते.

मी कागद पाठवला. तीनदा पाठवला. पण त्या हिवाळ्यात सही करायला कुणी जागेवर नव्हतं. कुणाची बदली झाली होती, कुणाला नवीन ठिकाणी जायचं होतं. विचारलं की एकच उत्तर — "अब भोपाल से आएगा." आमची दुसरी गाडी तिकडच्याच कामाला म्हणून गेली, ती परत आलीच नाही. शेवटी आमचे इन्चार्ज साहेबसुद्धा फायलींचे गठ्ठे घेऊन गेले. जाताना म्हणाले, "वसंत, आठ दिवस तू सांभाळ." सांभाळायला उरलो तिघं. मी, बद्री नावाचा फायरमन, आणि ड्रायव्हर करीमचाचा. चाचा पन्नाशी उलटलेले, लढाईत बर्मापर्यंत लॉरी चालवून आलेले.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील. सकाळपासून हवा उगाच गरम होती. दुपारी दोनच्या पुढे पश्चिमेकडून आभाळ तांब्यासारखं झालं. करीमचाचा अंगणात उभे राहून बघत होते. "बेटा, ये पानी नहीं है. पत्थर है," म्हणाले. पाव तासात वारा सुटला आणि गारा पडायला लागल्या. सुरुवातीला बोरांएवढ्या, मग लिंबाएवढ्या. आमच्या पत्र्यावर असा आवाज, की शेजारचा माणूस बोललेलं कळेना. टेलिफोन लगेच मेला.

तीनच्या सुमाराला गारा थोड्या थांबल्या आणि किशन आला. सायकलवर, कपाळातून रक्त. म्हणाला, भिंतीला हात जाईल एवढी भेग पडलीय, सगळे आत आहेत, बाहेर पडायची हिंमत होत नाही, चला.

मी टोपी उचलली. गाडी सुरू होत होती. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने एक पोलीस शिपाई आला. इंदूरच्या रस्त्यावर, नानाखेड्याच्या अलीकडे, चालत्या बसवर चिंचेचं झाड पडलंय. बस भरलेली आहे. माणसं चेपलीत, जिवंत आहेत, ओरडतायत.

आज नानाखेड्याला बस स्टँड आहे, कॉलन्या आहेत. तेव्हा सगळी शेतं. नानाखेडा गावाच्या दक्षिणेला, भैरवगढ उत्तरेला. मध्ये सहा-एक मैल. आणि गाडी एक.

दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. बद्री, चाचासुद्धा. खुर्चीत बसणारा भोपाळला होता.

मी ठरवलं ते आजही चूक वाटत नाही, आणि हेच सगळ्यांत वाईट आहे. बसमध्ये माणसं अडकली होती. भैरवगढची भिंत अजून उभी होती, लोक आपल्या पायांनी बाहेर येऊ शकत होते. मी किशनच्या दोन्ही खांद्यांना धरून ओरडून सांगितलं, "वापस जा! सबको बाहर निकाल. मार लगे तो लगने दे, सिर पे गुदड़ी डाल, पर अंदर कोई नहीं रुकेगा! समझा? बाहर! बस निपटाके मैं आता हूँ."

तो म्हणाला, "आप पक्का आओगे?"

"पक्का."

तो सायकल वळवून गेला. आम्ही इंदूरच्या रस्त्याला लागलो.

बस रस्त्यावरच उभी होती, पण मधोमध दाबलेली. खोड टपावर पडून टप सीटच्या पाठीपर्यंत खाली आला होता. ते खोड दोन सीटच्या लोखंडावर अडकलं होतं, बस्स. आतल्या कुणी धडपड केली असती तर ते घसरून मागची पाच-सहा माणसं चिरडली असती. आतून रडण्याचा आवाज. आणि एक माणूस मात्र शांतपणे दर थोड्या वेळाने घड्याळातली वेळ सांगत होता. शाळामास्तर होते, पाय अडकलेला. माझी हिंदी ऐकून आतून म्हणाले, "मराठी का हो तुम्ही? घाई करू नका. मी वेळ सांगत राहतो, म्हणजे लोकांना कळतं की काहीतरी पुढे सरकतंय."

मी आणि बद्री आरा ओढायला लागलो. पुन्हा गारा सुरू झाल्या. आतली माणसं घाबरली, दोघं-तिघं खिडकीकडे सरकायला लागली, खोड करकरलं. मी आरा टाकला, खिडकीशी गेलो, आत डोकं घातलं आणि होता तेवढा जोर लावून ओरडलो —

"अंदर ही रुको! कोई बाहर मत आना! हिलो मत, मैं आ रहा हूँ!"

मास्तरांनी तेव्हाच वेळ सांगितली. "चार वाजले."

आणि त्या वेळी मला सीटखाली दोन लहान मुलांचे पाय दिसले. चार पावलं. घोट्यापर्यंत लाल.

मी बद्रीला म्हटलं, मागे पोरं आहेत, रक्त आहे. तो वाकला तोवर माणसं हलली, सीट दिसेनाशी झाली. पुढे तासभर आम्ही काय केलं ते सांगत बसत नाही. फांद्या कापल्या, खोडाखाली टेकू दिले, दोर बांधून लॉरीने ओढलं. एकेक करून सगळी माणसं काढली. हात मोडले, बरगड्या मोडल्या, पण सगळी जिवंत. सगळी. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं दुसऱ्यांदा झालं नाही.

पण मुलं निघाली नाहीत.

मी आत शिरलो. सीटा उपसल्या. बद्री म्हणाला, "भैया, कोई नहीं है." मी ऐकेना. बसच्या ड्रायव्हरने शपथ घेऊन सांगितलं, गाडीत एकही मूल बसलं नव्हतं. मास्तरांना रस्त्याकडेला कांबळ्यावर निजवलं होतं, तेही म्हणाले, "अहो, मी पहिल्यापासून बसमध्ये आहे. मूल नव्हतंच." मी फांद्यांखाली शोधलं, खड्ड्यात शोधलं, शेताच्या बांधापर्यंत जाऊन आलो. शेवटी करीमचाचांनी दंडाला धरून गाडीत बसवलं. "बेटा, भैरवगढ."

अर्धा तास गेला असेल त्यात. अर्धा तास मी नसलेली मुलं शोधली.

भैरवगढला पोचलो तेव्हा उजेड होता, पण जेमतेम. गढकालिकेच्या देवळापुढचा रस्ता पांढरा झाला होता गारांनी, चाकाखाली काच फुटल्यासारखा आवाज. कारखान्यापाशी माणसांची गर्दी, आणि भिंत नव्हती. भिंत आत पडली होती, तिच्यावर कवेलू.

गेंदाबाई चिखलात बसली होती. मला बघून उठली. रडत नव्हती. तिने जे विचारलं ते माझ्या कानात अजून आहे.

"साब, तम पाछा आया?"

पाछा म्हणजे परत. तुम्ही परत आलात?

मला वाटलं, तिचं डोकं ठिकाणावर नाही. तेव्हा बोलायला वेळच नव्हता. आम्ही विटा उपसायला लागलो. शेजारचे छीपे, बायका, सगळे हाताने माती काढत होते. छपाईचं एक मेज भिंतीखाली मोडून पडलं होतं. ते तिघांनी उचललं तेव्हा मला खाली दोन मुलांचे पाय दिसले. चार पावलं, घोट्यापर्यंत लाल. रक्त नव्हतं. रंगाची टाकी फुटून सगळा लाल रंग मेजाखाली साचला होता.

मी तिथेच बसलो. पुढचं बद्री आणि चाचांनी केलं. सून गेली, तिची दोन्ही मुलं गेली, आणि शेजारची एक मुलगी, जिला गेंदाबाईने गारांमुळे आत बोलावून घेतलं होतं. चार जण. गेंदाबाई स्वतः दाराशी होती म्हणून वाचली.

मग तिने सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तीच सांगत होती, सगळ्यांना. भेग वाढत होती, मातीचे गोळे पडत होते, तेव्हा तिने ठरवलं होतं की काय व्हायचं ते होवो, बाहेर पडायचं. मुलांच्या डोक्यावर गोधडी घातली होती. दाराशी आली, तर दारात मी उभा. खाकी कपडे, डोक्यावर टोप, एक हात चौकटीवर. गारांचा एवढा आवाज, तरी माझं बोलणं अगदी कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं. "अंदर ही रुको. कोई बाहर मत आना. हिलो मत, मैं आ रहा हूँ." एवढं बोलून मी वळलो आणि गेलो.

"साब बोल गया था," ती म्हणाली. "तो म्हने सबको मेज के नीचे बैठा दिया."

मला ओरडायचं होतं की मी नव्हतो. पण ओरडलो नाही. कारण ते शब्द माझे होते. एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

गल्लीपलीकडे एक म्हातारे रंगारी राहायचे, त्यांनीही पाहिलं होतं. त्यांना मी विचारलं, गाडी दिसली का? नाही, गाडी नव्हती. एकटाच माणूस. म्हणाले, "हमको तभी अजीब लगा. ओले गिर रहे थे और आपके कपड़े सूखे थे." ओले म्हणजे गारा. किती वाजता? तर भैरवगढच्या जेलचे टोले पडत होते. चारचे.

किशन त्यानंतर आला. डोक्याला फडकं, दोघांनी धरून आणलेला. परत येताना वाटेत गारांनी सायकलवरून पडला होता आणि बेशुद्ध झाला होता, लोकांनी उचलून देवळात ठेवला होता. मी दिलेला निरोप त्याच्याजवळच राहिला. त्याने चौघांकडे पाहिलं, मग आईकडे. "अम्मा, बाहर क्यों नहीं निकले?"

ती म्हणाली, "साब ने मना किया था."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी सांगू शकत नाही.

घरी गेलो तेव्हा आई दारात वाट बघत होती. "अरे, किती चिखल... जेवलास का?" मी तिला सगळं सांगितलं. तिने हातपाय धुवायला पाणी दिलं. मग म्हणाली, "तुझा जीव तिकडे ओढत होता ना, म्हणून गेलास तू." मी म्हटलं, "आई, मी जाऊन त्यांना मारलं."

दुसऱ्या दिवशी करीमचाचांना खोदून विचारलं. मी बसपासून हललो होतो का? एक क्षणभर तरी? ते म्हणाले, "तू वहीं था, खिड़की में मुंडी डाले. मैंने अपनी आँखों से देखा." मग विडी विझवून म्हणाले, "जिस्म वहीं था, बेटा. आवाज़ का मैं नहीं कह सकता."

आठवड्याच्या आत चौकशी झाली. बाहेरून आलेले एक साहेब होते, नवीन, त्यांना भैरवगढ कुठे आहे तेही माहीत नव्हतं. मी स्पष्ट सांगितलं, मी चार वाजता नानाखेड्याला होतो, भैरवगढला पावणेसहाला पोचलो. मास्तरांनी दवाखान्यातून लिहून दिलं. पण भैरवगढचे लोक सांगत होते, साब आले होते. साहेबांनी दोन्ही कागद समोर ठेवले आणि मला म्हणाले, "दोन्हीकडे तुम्ही वेळेवर पोचलात असं लोकच म्हणतायत. मग तुम्ही नाही कशाला म्हणता?"

मी म्हटलं, "साहेब, मग भैरवगढच्या लोकांना आत थांबा म्हणून सांगितलं कुणी?"

"ते यात आणायची गरज नाही," म्हणाले. त्यांनी लिहिलं — दमकल दोन्ही ठिकाणी तत्काळ हजर. चुन्याची फुली, तीन कागद, न आलेली सही, यांतलं काहीच त्यात आलं नाही. महिन्याभराने मला शाबासकीचं पत्र आलं. ते मी त्याच दिवशी अलावात टाकलं.

पण खरी चौकशी ते पत्र यायच्या आधीच झाली होती. तेराव्या दिवशी.

किशनने निरोप पाठवला, या. मी गेलो. दिवसाची अकराची वेळ, स्वच्छ ऊन. कारखान्याच्या जागी नुसता मातीचा ढीग होता, समोर सतरंजी टाकून चार माणसं बसली होती. शेजारच्या मुलीचा बापही होता. गेंदाबाई खांबाला टेकून बसली होती. तेरा दिवसांत ती म्हातारी झाली होती.

किशन म्हणाला, "साब, मैंने आपसे कभी झूठ नहीं बोला. आप भी मत बोलना. आपने मुझे कहा था सबको बाहर निकाल. और अम्मा कहती है आपने आके कहा कि अंदर रुको. दोनों बात सच नहीं हो सकती. अम्मा के सामने बोलो. आप आए थे कि नहीं?"

मी खरं सांगायला गेलो होतो. वाटभर तेच घोकलं होतं. मी नव्हतो, मास्तर साक्षीला आहेत, बद्री आहे, चाचा आहेत. माझ्यावरचा डाग पुसला जाणार होता. मी तोंड उघडलं.

गेंदाबाई माझ्याकडे बघत होती. हळू आवाजात म्हणाली, "साब, नी बोलना मत. तम नी आया था, तो म्हने बच्चों को किसके कहने से अंदर रोका?"

नाही म्हणू नका. तुम्ही आला नव्हतात, तर मी मुलांना कुणाच्या सांगण्यावरून आत थांबवलं?

शेजारच्या मुलीचा बाप मान खाली घालून बसला होता. त्यानेही आता मान वर केली. किशन माझ्या तोंडाकडे बघत होता. मी नाही म्हटलं असतं, तर त्या बाईने चार जीव आपल्या मनाने भिंतीखाली बसवले, असं झालं असतं. मुलाच्या डोळ्यांत, शेजाऱ्याच्या डोळ्यांत, तिच्या स्वतःच्याही. त्यानंतर ती किती दिवस जगली असती?

मी म्हटलं, "आया था."

"और अंदर रुकने को बोला?"

"बोला."

"मुझे तो बाहर का कहा था..." किशनचा आवाज फाटला. "फिर क्यों बोला, साब? क्यों?"

त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, आईजवळ गेला, तिच्या शेजारी बसला आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा तिचा हात हातात घेतला, असं नंतर कुणी तरी सांगितलं. मी तोवर निघालो होतो.

त्यानंतर भैरवगढमध्ये मला कुणी पाणी विचारलं नाही. कामासाठी जावं लागायचं, दारं बंद व्हायची. बरोबर होतं त्यांचं. किशन आईला घेऊन इंदूरला गेला, मिलमध्ये लागला. ती तिथेच वारली, बऱ्याच वर्षांनी. मुलाच्या घरी, एवढं कळलं. मावठ्याची तयारी मी नोकरी संपेपर्यंत केली, फुल्या मारल्या, कागद पाठवले. काही कागदांवर सह्या आल्या, काहींवर नाही. पण त्यानंतर आत अडकलेल्या माणसाला "रुको" म्हणून मी स्वतः कधी सांगितलं नाही. बद्रीला सांगायला लावायचो.

नात विचारतेय, आजोबा, मग तुम्हाला काय वाटतं, ते कोण होतं? बाळ, मला ठाऊक नाही. बरेच दिवस मी समजूत घातली की घाबरलेल्या माणसांना भास झाला. पण मग ते शब्द? ती वेळ? आणि माझ्यापर्यंत आलेली ती पावलं... ती मला कशी दिसली? कुणी म्हणालं देवाने केलं. देव असता तर त्याने किशनला दिलेला निरोप पोचवला असता, हा नाही. बरोबर शब्द सोडून चुकीचे शब्द सहा मैल नेणारं ते काय होतं, आणि ते का, याचा मी आयुष्यभर विचार केला. हाती काही लागलं नाही.

तेराव्याला मी खोटं बोललो, असं मी पन्नास वर्षं धरून चाललो होतो. अलीकडे तेही सांगता येत नाही. किशनला मी जे म्हणालो ते खोटं होतं की खरं, एवढं तरी मरायच्या आधी कळायला हवं होतं.

नाही कळलं.